डब्यावरची सासू

१

म्हैस चोरीला जाते, मोटारपंप जातो, कापसाच्या गंजीवरची ताडपत्री जाते. सौंसरच्या कोर्टात काळा कोट घालून मी म्हातारी झाले, पण कंपनी चोरीला गेल्याची तक्रार त्या मंगळवारपर्यंत माझ्याकडे कधी आली नव्हती. तीही अजून जन्मालाच न आलेली कंपनी.

तक्रार घेऊन आला तो माझा सख्खा मावसभाऊ, केशवराव बोडखे. मी त्याला केशवच म्हणते, लहानपणी त्याचं नाक मी पुसलेलं आहे. आला आणि चहा नको म्हणाला, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण साधं नाही.

"सुमनताई, माह्या घरात चोर आहे," तो म्हणाला. "अन् तो चोर म्हणजे माही सून."

बोडखेंची संत्रा बर्फी आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. रामाकोन्याच्या रस्त्यावर त्यांची शेड आहे. तिथे कढईपाशी केशवची बायको प्रेमलता उभी असते. बर्फीच्या डब्यावर मात्र केशवच्या आईचा फोटो, वर 'आईच्या हातची चव', आणि खाली ठळक अक्षरांत 'संस्थापक केशवराव बोडखे'. दिवाळी झाल्यावर नागपूरच्या एका मोठ्या दुकानदारानं कळवलं की तुमचा माल आमच्या सगळ्या दुकानांत ठेवू, पण करार घरगुती धंद्याशी करणार नाही, रजिस्टर कंपनी पाहिजे. म्हणून केशव प्रायव्हेट लिमिटेड काढायला निघाला. धंदा उद्या बुडालाच तर कंपनी बुडते, घरदार वाचतं, हे ऐकून तर तो फारच खूश झाला होता. संचालक दोन, तो स्वतः आणि त्याचा मुलगा वैभव. नागपूरच्या सीएनं 'बोडखे फ्रूट प्रॉडक्ट्स' हे नाव सरकारकडे पाठवलं, आणि ते परत आलं. त्या नावाची कंपनी आधीच नोंदलेली होती.

"कोणाची?" मी विचारलं.

"मालकीण प्रेमलता केशवराव बोडखे. पत्ता आपल्याच शेडचा. अन् नॉमिनी कोण, तर प्रणाली."

वाचणाऱ्यांसाठी सांगते. एकट्या माणसाचीही कंपनी काढता येते. मालक एकच असतो. तो मेला तर त्याच्या जागी कोण येणार, ते एक नाव आधी द्यायचं, तो नॉमिनी. केशवचं गणित सरळ होतं. बी.कॉम. झालेल्या सुनेनं अडाणी सासूच्या नावानं कंपनी काढली, उद्या सासू गेली की धंदा सुनेच्या घशात.

"प्रेमलताला विचारलंस?"

"तिले काय विचारायचं? सातवी शिकलेली बाई. मी म्हटलं, तुले समजते काय यातलं काही? म्हणे, मले काय समजते. झालं."

गुरुवारी नागपूरचा माणूस सही करायला येणार होता. केशवनं त्याला अजून काही सांगितलं नव्हतं, सगळं ठीक आहे म्हणून ठेवलं होतं. त्याच्या आत त्याला पुरावा पाहिजे होता. "ठाण्यात रिपोर्ट देतो अन् तिले माहेरी पाठवतो. नात आमच्याकडे राहीन. तिले पोरीचं तोंड दिसू देणार नाही मी." हे तो इतक्या थंडपणे बोलला की मला एकदम त्याची आई आठवली.

"सही कोणी केली मग?"

"तेच तर! कंपनीच्या अर्जाले पेनाची सही चालत नाही, डिजिटल सही लागते. ती पांढुर्ण्याच्या रोशनच्या दुकानात काढली. कॅमेऱ्यासमोर बसून आपलं अन् नवऱ्याचं नाव सांगा लागते. मी त्याले फोन केला. तो म्हणते, बाई आली होती, प्रेमलता म्हणून बसली, अन् तिनं माहं नाव घेतलं."

"मग काय झालं?"

"ताई, लग्न झाल्यापासून प्रेमलतानं माहं नाव तोंडातून काढलं नाही. उखाण्यातसुद्धा अर्ध्यावर लाजून पळून गेली होती. ती बाई दुसरीच कोणी होती. ती कोण, ते तू काढ."

२

मी केशवच्या घरी गेले तेव्हा प्रेमलता मागच्या अंगणात चुलीवर चहा करत होती. मला पाहून तिनं पाट सरकवला.

"चुलीवर कायले?" मी विचारलं.

"गॅस दिवाळीतच संपला, ताई. नंबर यांच्या फोनवर लागते. यायले सवड नाही."

बाजूला बर्फीच्या डब्यांची वरची कव्हरं रचलेली होती, नवी कोरी. ती एकेक घेऊन चुलीत सारत होती. प्रत्येक कव्हरावर माझी मावशी, नाकात नथ, चेहऱ्यावर फोटोवाल्यानं बळंच आणलेलं हसू. जाळ लागला की मावशी आधी कपाळाकडून काळी पडायची, मग आकसून जायची.

"हे काऊन जाळून राहिली?"

"ओले झाले, ताई. गोदामात पाणी शिरलं."

कव्हरं तर तडतड वाजत जळत होती, धूर नावाला नव्हता. मी ते डोक्यात ठेवलं आणि चहा घेतला.

भागरथा मावशी, म्हणजे केशवची आई, माझ्या आईची बहीण. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलते. प्रेमलता नवी नवरी होती, तेव्हा तिनं कोहळा आणि संत्र्याचा गर आटवून पहिल्यांदा ही बर्फी केली. मी तेव्हा पाहुणी होते या घरात. मावशीनं चाखलीसुद्धा नाही. अख्खी परात उचलली आणि शेणखताच्या खड्ड्यात पालथी केली. साखर नासली म्हणून त्या पोरीला दिवसभर याच अंगणात उन्हात उभं केलं. येणारी-जाणारी बाई विचारायची, काय झालं, आणि मावशी सगळ्यांना सांगायची. केशव ओसरीवर बसून भाकर खात होता. त्याला सगळं दिसत होतं, तो जेवत राहिला.

आणि त्याच मावशीचं तोंड डब्यावर. मी त्या डब्यातली बर्फी कधी विकत घेतली नाही. मला गोड चालत नाही असं सांगते, खरं कारण हे आहे.

"तुझ्या नावावर हे प्रकरण कोणी केलं असेल, तुला काही वाटतं?" मी प्रेमलताला विचारलं.

"मले कंपनीतलं काय समजते, ताई?" ती म्हणाली, आणि आणखी एक मावशी चुलीत सारली.

प्रणाली आत बसून लेकीची वेणी घालत होती. बारीक, शांत पोरगी, आवाज कधी चढत नाही. पण आज पोरीचा भांग वाकडा निघाला होता.

"आत्या, नॉमिनी म्हणून संमती माझीच आहे," मी विचारायच्या आधीच ती म्हणाली. "सहीही माझीच."

"म्हणजे तू कबूल करून राहिलीस?"

"एवढंच कबूल करते. बाकी गुरुवारी सांगेन."

"अगं, गुरुवारपर्यंत तो तुला घरात ठेवणार नाही. पोरगी ठेवून घेईन म्हणतो."

तिनं पोरीला जवळ ओढलं. डोळे भरले होते, पण मान हलली नाही. "ठेवून दाखवू द्या," ती म्हणाली.

३

वैभव मला समजावायला बसला. बापासारखंच बोलणं, फक्त मिशी नाही.

"आत्या, साधी गोष्ट आहे. आईच्या आधारला मोबाइल नंबर बाबांचा आहे. घरातल्या सगळ्या बायांच्या आधारला बाबांचाच आहे. सही काढताना त्या नंबरवर ओटीपी येते. म्हणजे बाबांचा फोन कोणी तरी हाती घेतला."

"माहा फोन कोणी घेत नाही," केशव म्हणाला. "न्हाणीत जातो तरी कोनाड्यात माह्यासोबत असते."

"ही सही काढली तो दिवस कोणता?" मी केशवला विचारलं.

"सोमवार होता. दिवाळीनंतरचा."

"त्या दिवशी तू कुठं होतास?"

"संत्र्याच्या बाजारात. आंबिया बहाराचा माल येऊन राहिला होता."

"तिथं कोणाचा फोन आला? कोणी नंबर विचारला?"

केशव विचारात पडला. मग त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला. "प्रणालीचा आला होता. म्हणे, बाबा, गॅसवाला दारात उभा आहे, मोबाइलवर नंबर आला असंन, तो सांगा."

"तू सांगितलास?"

"सांगितला ना. गलका होता, दोनदा ओरडून सांगितला."

वैभवनं कपाळावर हात मारला. मी हसू दाबलं. ज्या कुलपासाठी हा माणूस चोर शोधत होता, त्याची किल्ली त्यानंच भर बाजारात उभं राहून दोन वेळा ओरडून दिली होती.

"पाहा, सुनेनंच केलं," केशव उठून उभा राहिला. "आता कायचा पुरावा पाहिजे? जातो ठाण्यात."

"बस," मी म्हटलं. "ठाण्यात विचारतील, ती बाई कोण? प्रणाली घरातून फोन करत होती, म्हणजे ती पांढुर्ण्याला नव्हती. मग कॅमेऱ्यासमोर कोण बसलं? अर्धी तक्रार घेऊन गेलास तर तुलाच हसतील."

तो बसला. हसू होईल म्हटलं की केशव कुठंही बसतो.

"आणखी एक. कंपनीचा पत्ता शेडचा दिलाय. त्याला जागामालकाची संमती लागते, विजेचं बिल लागतं. ते कोणी दिलं?"

"जागा प्रेमलताच्या नावावर आहे, पण ती तर नावापुरती. बाईच्या नावानं रजिस्ट्री स्वस्त पडते म्हणून मीच केली. मीटरही तिच्याच नावानं. खाद्य लायसनही. महिला उद्योग म्हटलं की सवलत भेटते ना. सह्या काय, मी कागद समोर ठेवतो अन् ती करते."

सांगताना त्याच्या आवाजात केवढा अभिमान होता!

"आणि प्रेमलता त्या सोमवारी कुठं होती?"

"ती कुठं असणार? मोहगावले महादेवाले. दर सोमवारी जाते, शेडवरच्या त्या शोभाबरोबर. संध्याकाळी आली, नारळाचा प्रसाद आणला. मी खाल्ला."

"मग उद्या मी पांढुर्ण्याला जाते," मी म्हटलं. "तोवर प्रणालीला हात लावायचा नाही. मी वकील आहे हे लक्षात ठेव, आणि मोठी बहीण आहे हेही."

४

पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून बसस्टँडजवळ फॉर्म भरून देणाऱ्यांची रांग लागली आहे. रोशनचं दुकान त्यात सगळ्यात झगझगीत. पोरगा हुशार, जरा भ्यायलेला.

"मॅडम, मी सगळं नियमानं केलं. आधार जुळलं, ओटीपी जुळला, व्हिडिओ वर गेला. तो माझ्याकडे राहत नाही."

"बाई कशी होती?"

"वयस्कर. डोक्यावर पदर. सोबत आणखी एक बाई होती."

प्रणाली नव्हती, एवढं पक्कं झालं. मी वैभवकडे वळले. गाडी त्यानंच चालवत आणली होती. "तुझ्या आईचा फोटो दाखव याला. म्हणजे ती नव्हती, हे तरी लिहून घेऊ."

वैभवनं मोबाइल काढला. बोट वर सरकवत राहिला. बर्फी, बर्फीचे डबे, आजीचा डब्यावरचा फोटो, बाबा भाषण करताना, बाबा हार घालून घेताना, मित्र, कार. त्याच्या लग्नाच्या फोटोत सगळं घर होतं. आई नव्हती, ती तेव्हा आत वाढायचं बघत असणार. तो बराच वेळ शोधत राहिला. शेवटी फोन खिशात टाकला आणि दुसरीकडे पाहू लागला.

मी रोशनकडे वळले. असल्या वेळी न बोलण्यानं जास्त लागतं, आणि त्याला लागावं अशीच माझी इच्छा होती.

"आधारवरचा फोटो असेल ना," मी रोशनला म्हटलं.

"त्या फोटोत मीसुद्धा चोर दिसतो, मॅडम. पण एक सांगतो, बाई घाबरलेली होती. व्हिडिओ तीनदा घ्यावा लागला."

"का?"

"पहिल्यांदा स्वतःचं नाव, गाव सगळं बरोबर बोलली. नवऱ्याचं नाव म्हटलं की गप्प. मी म्हटलं, बोला ना, मावशी. दुसऱ्यांदा नावापर्यंत आली आणि पदर तोंडात धरून हसायला लागली, लाल झाली पार. मग सोबतच्या बाईकडे पाहिलं तिनं. ती म्हणे, घे आता, काही होत नाही. तिसऱ्यांदा डोळे मिटले आणि बोलली, केशवराव. एकदम जोरात. बाहेरचे लोक वळून पाहायला लागले. सोबतच्या बाईनं टाळी वाजवली. मग हिनं पाणी मागितलं आणि दोन ग्लास प्याली."

"पाहा, आत्या!" वैभव उसळला. "नाव पाठ करून आली होती, ऐनवेळी विसरली. सोंग घेतलेली बाई होती ती. माझी आई तर असं नाव घेणारच नाही."

रोशननंही मान हलवली. दोघांना पटलं होतं.

मी दुकानाच्या पायरीवर जरा बसले. चुलीवरचा चहा, तडतडणारी मावशी, भर बाजारात ओरडून सांगितलेला नंबर, सगळं एका रांगेत येऊन बसलं. चोर मला सापडला होता. अडचण एवढीच होती, की आता चोरीच सापडत नव्हती.

५

परतताना मी गाडी रामाकोन्याला थांबवली आणि वैभवला तिथून घालवून दिलं.

शोभा शेडमध्ये कोहळे किसत होती. बर्फीचा धंदा सुरू झाला तेव्हा दोघीच होत्या, प्रेमलता आणि शोभा. एक कढई, एक उलथनं. शोभाला केशव अजून 'मजूर बाई' म्हणतो. तिनं आवाज दिला नाही तर शेडमधल्या बाकीच्या बाया कामाला हात लावत नाहीत, हे त्याला माहीत नाही.

"टाळी तुम्हीच वाजवली ना, शोभाताई?" मी विचारलं.

किसणी थांबली. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "कोनाले सांगितलं, वकीलबाई?"

"अजून कोणाला नाही."

"मग ऐका. कंपनीचं बोलणं निघालं तवा बाई त्यायले म्हणाल्या, माहं नाव टाका त्यात. एवढंच. जल्मात पहिल्यांदा काही मागितलं. तर ते म्हणे, तू तर घरचीच आहे, तुह्या नावाचं काय काम? अन् नव्या डब्याचा नमुना दाखवला. त्यावर सासूचा फोटो आणखी मोठा." शोभानं कोहळ्याची फोड बाजूला टाकली. "त्या दिवशी बाईनं पाक करपवला. तिच्या हातून पाक करपला, मी पहिल्यांदा पाह्यलं."

"आणि प्रणाली?"

"तिनं मोबाइलात वाचलं, का एकट्या बाईचीही कंपनी होते. म्हणे, आई, चार दिवस शिव्या मी खाईन, तुमी गप राहा. आता पोरगी हिसकतो म्हणून राहिला तो. तरी बोलली नाही पोट्टी." तिनं हात पुसले. "करार उद्या आहे, वकीलबाई. आज सांगितलं तर तो नागपूरवाल्याले फोन करन, कायबी बोलन, अन् सगळं मातीत जाईन. उद्यापर्यंत थांबता का?"

वकिलानं अशिलाशी प्रामाणिक राहावं, हे मला कोणी शिकवायला नको. पण केशवनं मला फी दिली नव्हती, चहासुद्धा त्याच्या घरी मी प्रेमलताच्या हातचा प्याले होते.

घरी आल्यावर केशवला फोन लावला. "चोर सापडला," मी सांगितलं. "उद्या सगळ्यांना बसव. नागपूरचा माणूसही असू दे. त्याच्यासमोर सांगते."

"त्याच्यासमोरच पाहिजे," केशव म्हणाला. "सगळ्यांसमोर इज्जत गेली पाहिजे तिची."

"जाईल," मी म्हटलं.

६

गुरुवारी ओसरीवर सतरंजी अंथरली होती. नागपूरचा मुकुंद नावाचा मध्यमवयीन गृहस्थ कागदांची पिशवी घेऊन आला. त्याच्यापुढे भिंतीला टेकून वैभव, दारात प्रणाली पोरीला घेऊन, बाजूला शोभा. प्रेमलता नेहमीप्रमाणे आतल्या उंबऱ्याशी. केशव मधोमध, इस्त्रीचा कुडता घालून.

"सांग ताई," तो म्हणाला.

"आधी सांग, दिवाळीनंतर तुमच्या घरी गॅस कधी आला?"

"आला ना. नंबर सांगितला मी."

"नंबर सांगितलास, सिलिंडर आलं नाही. दिवाळीपासून तुझी बायको चुलीवर रांधते. तू स्वयंपाकघरात गेला असतास तर तुला कधीच कळलं असतं की तो नंबर गॅसचा नव्हता. प्रणालीला हे ठाऊक होतं, तू आत पाय ठेवत नाहीस. तो नंबर तिनं पांढुर्ण्याला कळवला."

"कबूल झालं मग," केशव म्हणाला. "अन् ती सोंग घेणारी बाई?"

"तिथंच तुम्ही सगळे फसलात. रोशन म्हणतो, तीनदा व्हिडिओ घेतला, कारण बाईला नवऱ्याचं नाव घेता येईना. गप्प झाली, हसली, लाल झाली, डोळे मिटले. वैभव, तू म्हणालास, सोंग होतं म्हणून अडखळली. अरे, दुसऱ्या बाईच्या नवऱ्याचं नाव घ्यायला अडखळायचं कशाला? मी आत्ता दहादा घेते, केशवराव, केशवराव. शोभाताई घेतील, प्रणालीसुद्धा वेळ आली तर घेईल. या अख्ख्या सौंसरात तुझं नाव घेताना जीभ अडणारी बाई एकच आहे, केशव. तू ज्याला ती नसल्याचा पुरावा समजत होतास, तोच ती असल्याचा पुरावा आहे."

केशवनं उंबऱ्याकडे मान वळवली.

"मोहगावचा महादेव त्या दिवशी पांढुर्ण्याला होता," मी म्हटलं. "जागा तिची, मीटर तिचं, लायसन तिचं. तूच करून दिलंस, सवलतीसाठी. सही तिची, चेहरा तिचा. या प्रकरणात खोटी सही एकही नाही. आणि परवा ती तुझ्या आईच्या फोटोची कोरी कव्हरं चुलीत घालत होती, ओली झाली म्हणून. कोरडी ठणठणीत होती. जिला माहीत असतं की ही कव्हरं आता कधी लागणार नाहीत, तीच ती जाळते. तू कंपनीचा चोर शोधायला सांगितलंस, मी मालकीण शोधून आणली."

"हे नाही चालणार," केशव मुकुंदकडे वळला. "साहेब, हा घरचा मामला आहे. करार माह्याशी होईन."

मुकुंदनं चष्मा पुसला. "पण आमच्याकडे कंपनीचं प्रमाणपत्र तर मागच्याच आठवड्यात आलं, प्रणालीताईंनी पाठवलं. करार प्रेमलताबाईंच्या नावानं छापून आणला आहे मी. आम्हाला वाटलं, तुम्हीच पाठवलं."

केशव उठला आणि त्यानं उंबऱ्याशी बसलेल्या बायकोकडे बोट केलं. "सांग यायले. सांग, तू नाही म्हणून. तूच म्हणाली होती ना मले, मले काय समजते?"

प्रेमलता उभी राहिली. पदराला हात पुसले. पदर डोक्यावरून घसरला होता, तो तिनं पुन्हा घेतला नाही. ओसरीच्या मधोमध आली, जिथे ती पाहुणे असताना कधी येत नसे.

"केशवराव," ती म्हणाली.

या खेपेला ती अडखळली नाही. वैभवनं मान खाली घातली. केशव एक पाऊल मागे सरला, जणू त्याला कोणी दुसऱ्यानंच हाक मारली होती.

"केशवराव, मी खोटं बोलली नाही. तुमी विचारलं, तुले समजते काय? मी म्हटलं, मले काय समजते. तू केलं काय, असं तुमी विचारलंच नाही. तुमच्या मनातच आलं नाही ते. जमिनीले माहं नाव चालते, मीटरले चालते, लायसनले चालते. कंपनीले काऊन चालत नाही, ते मले समजलं नाही. म्हणून मी जिथं चालते तिथं जाऊन टाकून आली."

"माह्या आईचा फोटो..." केशव एवढंच म्हणाला.

"तुमच्या आईनं माही पहिली बर्फी खड्ड्यात टाकली. तुमी पाहून राहिले होते अन् भाकर खाऊन राहिले होते. मी विसरली नाही. एक दिवस विसरली नाही." तिचा आवाज चढला नाही. "त्यायचा एक डबा ठेवला आहे मी. देवघरात लावा. माह्या मालावर तो फोटो आता लागणार नाही."

मुकुंदनं कागद पुढे केले. तिनं सही केली, सावकाश, पाचही बोटं पेनाभोवती घट्ट धरून. मग प्रणालीच्या मांडीवरून नातीला उचलून घेतलं आणि कडेवर बसवलं.

"पोट्टी इथंच राहीन, अन् तिची मायही," ती केशवला म्हणाली. "ज्याले पटत नसंन त्यानं आपलं पाहावं. तुमाले काम पाहिजे असंन तर शेडवर या. डबे भरायले माणूस कमी आहे. काय करायचं ते शोभा सांगन."

केशवनं शोभाकडे पाहिलं. शोभा त्याच्याकडेच पाहत होती, तिनं नजर हटवली नाही. शेवटी तो ओसरीच्या कडेला, त्याच जागी बसला जिथे बसून त्या दिवशी भाकर खाल्ली होती.

मी जायला निघाले तर प्रेमलतानं मला थांबवलं आणि एक नवा डबा हातात ठेवला. पांढरा, साधा, वर एकाच ओळीत 'प्रेमलता' लिहिलेलं, फोटो कोणाचाच नव्हता. गेटपर्यंत यायच्या आधीच मी तो फोडला.

मागून तिचा आवाज आला. ती आतल्या अंगणाकडे जाताजाता नवऱ्याला सांगत होती.

"अन् केशवराव, मी आधारले अन् गॅसले आपला स्वतःचा नंबर जोडून घेतला. यापुढं गॅसवाला आला अन् तुमाले नंबर लागला, तर मले फोन करत जा."